राखेच्या वर्षी, उल्फच्या दाराशी

हेक्ला हा आगीचा डोंगर फुटला ते वर्ष आमच्या खोऱ्यात अजून राखेचं वर्ष म्हणूनच ओळखतात. तसं त्या वर्षी बरंच काही घडलं. उत्तरेला बर्फाबरोबर वाहत आलेलं पांढरं अस्वल लोकांनी भाल्यांनी मारलं. पूर्वेच्या किनाऱ्यावर नॉर्वेहून येणारं जहाज फुटलं आणि त्यातलं सगळं पीठ समुद्राने खाल्लं. एका बाईला तिळं झालं आणि तिन्ही पोरं जगली. पण म्हाताऱ्यांना विचाराल तर ते आधी राख सांगतात, मग ओर्मचं नाव घेतात आणि बाजूला थुंकतात. ओर्मचं नाव त्या वर्षाला असं का चिकटलं हे एका बाईला पक्कं ठाऊक होतं, आणि ती शेवटपर्यंत बोलली नाही.

ती बाई म्हणजे ब्रेक्काच्या शेतावरची ग्रोआ. नवरा समुद्रात गेलेला, पदरी एकुलता एक मुलगा, कोल्बेन. पोरगा कामाला वाघ, पण जिभेला लगाम नाही. नदीपलीकडच्या स्कार्दचा ओर्म खोऱ्यातला सगळ्यात मोठा शेतकरी. त्याला वाट सोडून उभं राहायची सगळ्यांना सवय होती, कोल्बेन तेवढा राहत नसे.

डोंगर फुटला तेव्हा मेंढ्या अजून वरच्या कुरणात होत्या. कोल्बेन कुत्रा घेऊन त्यांच्यामागे गेला. गडीमाणसांनी गाई खाली समुद्राकडे हाकल्या. ग्रोआ मागे राहिली, कारण एक गाय लंगडी होती आणि लंगडी म्हणून तिला मरायला टाकून जाणं ग्रोआला जमेना. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी घरात दिवा लावावा लागला. बाहेर राख नुसती कोसळत होती. वाटेवरचे खुणेचे दगड बुडाले, ओढा बुडाला. गवताच्या छपराची आमची घरं आधीच एकसारखी, त्यात त्या दिवशी सगळी राखाडी ढिगारेच झाली. ग्रोआने ओल्या लोकरीचं फडकं तोंडाला बांधलं होतं, तरी घशात राख जाऊन तिचा आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता.

दारावर थाप पडली. कोल्बेनच आला म्हणून ती धावली. तिने दाराच्या आडण्याला हात घातला, तोच बाहेरून आवाज आला.

"ए उल्फ! आहेस की मेलास रे म्हाताऱ्या?"

ग्रोआचा हात आडण्यावरच थबकला. उल्फ म्हातारा राहायचा खालच्या अंगाला, हियालीला. त्याच ओढ्याच्या काठी, तसंच बुटकं दार. आणि आवाज ओर्मचा होता. तो आवाज खोऱ्यात कुणाला ओळखू येत नव्हता?

"दार उघडू नकोस, आत राख येईल. नुसतं ऐक," ओर्म म्हणाला. "मी स्कार्दचा ओर्म. आज सकाळी नदी ओलांडायच्या जागी मी ब्रेक्काच्या कोल्बेनला मारलं. माझ्या हाताने, माझ्या कुऱ्हाडीने. माझ्या मेंढ्या आधी पार जायच्या होत्या, तो काठी आडवी धरून पाण्यात उभा राहिला आणि नाही नाही ते बोलला. प्रेत दगडांनी झाकलंय, कावळ्यांना टाकलेलं नाही. कायद्याप्रमाणे लागलीच येऊन सांगतोय. ऐकलंस?"

आमच्यात माणूस मारणं वेगळं आणि मारून गप्प बसणं वेगळं. मारणाऱ्याने दिवस मावळायच्या आत वाटेतल्या पहिल्या घरी जाऊन आपल्या नावानिशी सांगायचं. त्या घरात मेलेल्याचे नातेवाईक असतील तर जिवाच्या भीतीने पुढच्या घरी गेलेलं चालतं. नातेवाइकांच्याच दारात सांगितलं तरी चालतं, पण तेवढी छाती कुणाची? स्वतःच्या घरी सांगितलेलं मात्र धरत नाहीत. सांगितलं तर तो वध. मग दोन्हीकडची शहाणी माणसं बसतात, भरपाई ठरते, हात मिळवले जातात. सांगितलं नाही तर तो खून, आणि खुनाला समेट नाही.

दाराच्या आत ग्रोआ उभी होती. मुलगा मेल्याचं तिला मारणाऱ्याच्याच तोंडून कळलं होतं, आणि तेही कसं, तर शेजाऱ्याला मेंढी हरवल्याचं सांगावं तसं.

"अरे, ऐकलंस का?" ओर्मने पुन्हा दार ठोकलं.

"ऐकलं," ती म्हणाली.

"मग झालं तर. घसा पार गेलाय की रे तुझा. जरा पाणी पी." आणि तो निघून गेला.

तिने त्याला फसवायचं म्हणून तो शब्द उच्चारला नव्हता, हे सांगून ठेवलेलं बरं. तेवढाच शब्द तोंडातून निघाला. मग ती आडण्याला धरून खाली बसली आणि राख पडायची थांबेपर्यंत तिथून हलली नाही. गाय हंबरत होती. तिला पाणी द्यायचंही ग्रोआच्या ध्यानात आलं नाही.

उजेड झाल्यावर ती नदीवर गेली. दगड बाजूला केले, पोराचा चेहरा पुसला, पुन्हा दगड लावले. कुत्रा तिथेच मरून पडला होता, त्यालाही तिने पोराच्या पायाशी ठेवलं. परतताना तिने हियालीची वाट धरली. उल्फला विचारायचं होतं, तुझ्याकडे कोणी आलं होतं का. बघते तर छप्पर आत बसलेलं. चुलीत राखेचा थर, पण तो डोंगराचा. चुलीवरची कढई नाही, भिंतीवरची जाळी नाहीत, उल्फच्या म्हातारीचा चरखाही नाही. माणसं घाबरून पळाली नव्हती, सावकाश बांधाबांध करून गेली होती. म्हणजे अंधार पडायच्या आधीच.

ग्रोआ त्या मोडक्या घरात उभी राहिली आणि तिला सगळं लख्ख दिसलं. ओर्मने जे सांगितलं ते या जगात एकट्या तिलाच सांगितलं होतं, आणि ओर्मला ते ठाऊक नव्हतं. पोर गेल्यापासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं. देवाच्या दारात चांगलं दिसो वा न दिसो, तिला बरं वाटलं.

हिवाळ्यात तिचा दीर आस्ग्रिम आला. बाईला खटला भरता येत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते याच्याच हातून करून घ्यायचं होतं आणि तिथेच घोडं अडत होतं. आस्ग्रिम स्वभावाने चांगला, पण पाठीचा कणा द्यायला देव विसरला होता. येताना तो ओर्मचा निरोप घेऊन आला.

ग्रोआने त्याला कोल्बेनच्या जागेवर बसवलं. समोर घट्ट दह्याचा वाडगा ठेवला आणि हातात शिंगाचा चमचा दिला.

"हा चमचा..." आस्ग्रिम घुटमळला.

"कोल्बेनचाच. घ्या की भावजी. ज्याचा आहे त्याला काही लागत नाही आता."

आस्ग्रिमला घास गिळवेना. चमचा तसाच धरून तो म्हणाला, "वहिनी, ओर्म समेटाला तयार आहे. चांगला मान ठेवून बोलतोय. भरपाई देतो म्हणतो, वर नदीकाठचं कुरण देतो म्हणतो. रागाच्या भरात झालं त्याच्या हातून. पण लपवलं नाही ना त्याने? सरळ उल्फकडे जाऊन सांगितलं."

"तसं तो म्हणतो?"

"अख्ख्या खोऱ्यात सांगत फिरतोय. उल्फला दारात जाऊन सांगितलं, कायदा पाळला, म्हणतो."

"उल्फ कुठंय सध्या?"

"लेकीकडे, समुद्रावर. राखेनंतर गेला म्हणे."

"आणि उन्हाळ्यात महासभेला येईल?"

"उल्फ? सभा चुकवेल तो? लोकांची बिअर फुकट प्यायला मिळते तिथे." आस्ग्रिम हसला.

"तोवर त्याची गाठ नको घ्यायला," ग्रोआ म्हणाली. "आणि समेट नको. खटला भरा. खुनाचा."

आस्ग्रिमच्या हातून चमचा पडला. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? त्याने सांगितलंय म्हटल्यावर खून कसा होईल? लोक माझं हसं करतील. ओर्म मला सोलून काढेल!"

"सोलून काढायला अंगावर कातडं तरी असावं लागतं भावजी. तुमचा भाऊ बुडताना एकदाही ओरडला नाही म्हणतात. तुम्ही कोरड्या जमिनीवर बसून किती बोंबलताय!"

तो लाल झाला. "मी काय सिद्ध करणार?"

"तुम्ही काही सिद्ध करू नका. फक्त विचारा. कुणाच्या दारात सांगितलंस, आणि कोण बोललं. धर्मग्रंथावर हात ठेवून सांगायला लावा. पुढचं मी म्हणत नाही."

"तुला काहीतरी माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की माझ्या पोराचं कुरण करून त्यावर मेंढ्या मी चरू देणार नाही. दही खा."

त्याने दही खाल्लं. निघताना चमचा पुसून परत ठेवला आणि म्हणाला, भरतो खटला.

उन्हाळा आला. महासभेच्या जागी, जिथून कायदा पुकारतात त्या कायद्याच्या खडकाभोवती, दगडी भिंतींवर कापडं ताणून लोकांनी आपापले मुक्काम मांडले. घोडे, भांडणं, सोयरिकी, बिअर, सगळं नेहमीसारखं, फक्त आमच्या खोऱ्यातले लोक अजून राख खोकत होते. उल्फ म्हातारा आला तो थेट दुसऱ्यांच्या पिंपाशी जाऊन बसला. ओर्म आपली बायको इंगा आणि दोन लहान मुलींना घेऊन आला. निळा झगा, चांदीची कडी, मान ताठ. आस्ग्रिमने खुनाचा खटला भरलाय हे ऐकून तो खदाखदा हसला होता.

न्यायासनापुढे आस्ग्रिमचा आवाज थरथरत होता, पण त्याने पढवल्याप्रमाणे विचारलं. "कोल्बेनला मारल्यावर कुणाच्या दारात सांगितलंस ओर्म? आणि आतून कोण बोललं?"

"हियालीला. उल्फच्या दारात. आणि उल्फ म्हणाला, ऐकलं." ओर्मने ग्रंथावर पंजा ठेवला. "ही शपथ. झालं समाधान?"

न्यायासनावरचा कायदेपाठक वयस्कर आणि सावध माणूस होता. सबंध कायदा त्याला तोंडपाठ होता. तो म्हणाला, "जरा थांब ओर्म. त्या दिवशी भर दुपारी अंधार होता. खुणेचे दगड बुडाले होते. तू दुसऱ्याच दारात गेला नसशील ना? तसं असेल तर आत्ताच बोल, शपथ फिरवता येईल. दार कुणाचंही असो, आत कोणी ऐकलं असलं म्हणजे पुरे."

ग्रोआ बायकांमध्ये उभी होती. सगळा हिवाळा तिने मनात जे मांडलं होतं त्यात हा प्रश्न नव्हता. ओर्मने नुसतं 'असेलही' म्हटलं असतं तरी तो सुटला असता.

पण हा ओर्म होता. त्याची मान आणखी वर गेली. "मी? माझ्याच खोऱ्यात वाट चुकेन? लहानपणी मी त्या उल्फच्या दाराला लाथा मारून पळालोय. डोळे बांधा, तरी जाऊन दाखवतो. हियालीच होती. शपथ घेतलीय ती घेतलीय."

"मग उल्फ साक्ष देईल," कायदेपाठक म्हणाला.

पिंपाजवळून उल्फला उठवून आणलं. तो मिशा पुसत उभा राहिला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ओर्मकडे बघतच राहिला.

"माझ्या दारात? कधी म्हणतोस?"

"अंधाराच्या दिवशी. दुपारी."

"अरे ओर्म, डोंगर पहिल्यांदा गरजला तेव्हाच मी म्हातारीला म्हटलं, आवर. अंधार पडला तेव्हा आम्ही लेकीच्या घरी माशाचं कालवण खात होतो. विचार सगळ्या किनाऱ्याला."

किनाऱ्याचे लोक एकदम बोलू लागले. हो, उल्फ आदल्या दिवशीच आला. हो, चरखा पाठीला बांधून म्हातारी आली, तिच्या शिव्या सगळ्यांनी ऐकल्या.

"मग आतून बोललं कोण?" कोणीतरी ओरडलं.

"चरखा बोलला असेल!" दुसरा म्हणाला.

"चरखा नेलेला! कोंबडी असेल!"

सगळे पोट धरून हसले. ओर्मच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याच्यासारख्या माणसाला खरं बोलताना लोक हसतात हे पहिल्यांदाच कळत होतं. "आतून आवाज आला!" तो ओरडला. "घोगरा आवाज! ऐकलं म्हणाला. मी त्याला पाणी पी म्हटलं! देवाशपथ!" मग तो अडखळला. "कदाचित... कदाचित दुसरं घर असेल. त्या ओढ्यावर दुसरं घर कुणाचं..."

बोलता बोलता त्याने मान वळवली आणि त्याच्याबरोबर सगळ्या सभेने. ओढ्यावर दुसरं घर एकच होतं.

बाईची साक्ष धरत नाहीत, पण कायदेपाठकाने रीतीने विचारलं. "बाई, तुझ्या दारात त्या दिवशी कोणी आलं होतं का?"

ग्रोआने एकदा इंगाकडे पाहिलं. इंगाने धाकटीला उचलून छातीशी धरलं होतं. डोळ्यांनी ती भीक मागत होती. ग्रोआला त्या पोरींची दया आली, आली नाही असं नाही. पण तिला नदीवरचे दगडही आठवले आणि दगडांखालचा चेहराही.

"महाराज," ती म्हणाली, "पोराला मारून त्याच्या आईच्या दारात जाऊन उल्फच्या नावाने हाक मारणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?"

पुन्हा हशा पिकला. कायदेपाठक हसला नाही. तो तिच्याकडे क्षणभर बघत राहिला, काहीतरी म्हणणार होता, पण बाईच्या बोलण्यावर निकाल देता येत नाही आणि शपथ फिरवायची वेळ ओर्मने स्वतःच घालवली होती. न्यायासनावरचे लोक आपसांत बोलले. ओर्मने कुणालाही सांगितलेलं नाही. वर ग्रंथावर हात ठेवून खोटं बोलला. हा खून.

खुनाची शिक्षा आमच्याकडे रानवास. त्याला कोणी जेवू घालायचं नाही, छपराखाली घ्यायचं नाही, नावेत बसवायचं नाही. दिसेल तिथे मारणाऱ्याला दोष नाही. स्कार्दची जमीन गेली, मेंढ्या गेल्या. इंगा मुलींना घेऊन बापाच्या घरी गेली. तिने नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. वध तिला चालला असता. खोटी शपथ चालली नाही.

सभा उठायच्या दिवशी नेहमीप्रमाणे कायद्याच्या खडकावरून सरत्या वर्षाची हकिकत सांगितली गेली, म्हणजे लोक ती पाठ करून आपापल्या गावी नेतात. हेक्ला फुटला. अमुक अमुक शेतं बुडाली. अस्वल मारलं. जहाज फुटलं. तिळं जगलं. आणि मग, स्वच्छ मोठ्या आवाजात: या वर्षी स्कार्दच्या ओर्मने ब्रेक्काच्या कोल्बेनचा खून केला आणि कुणालाही सांगितलं नाही. लोक ओठ हलवत ते वाक्य पाठ करत होते. ग्रोआने इतक्या तोंडांत आपल्या पोराचं नाव कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

दुपारी ती नदीकाठच्या पायवाटेवर जाऊन उभी राहिली. ओर्म त्याच वाटेने निघाला. बरोबर घोडा नाही, गडी नाही. झगा कोणीतरी काढून घेतला होता. तिला पाहून तो थबकला. मारायला आली असेल असं त्याला वाटलं असावं. हात रिकामे पाहून तो जवळ आला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"बाई, तुझ्या पोराला मी मारलं. ते मी नाकारलं का कधी? पण लपवलं नव्हतं गं. कुणीतरी आत होतं. माझं कोणी ऐकत नाही, तू तरी ऐक. कुणीतरी ऐकलं होतं!"

ग्रोआने गळ्यातलं लोकरीचं फडकं वर ओढून तोंडावर घेतलं. घसा खाली दाबला.

"ऐकलं," ती म्हणाली.

ओर्म तसाच उभा राहिला. ग्रोआने फडकं खाली केलं.

"आणि पाणीही प्यायले," ती आपल्या आवाजात म्हणाली. "तू म्हणालास म्हणून."

मग तो वळला आणि खडकाकडे धावत सुटला. "तीच होती! तीच बोलली!" असं काहीबाही तो ओरडत होता. जवळ आलेल्या माणसाला बिलगायचा, माणूस त्याला ढकलून द्यायचा. शिक्षा झालेल्याचं बोलणं ऐकायचं नाही असं कायदाच सांगतो. दोघातिघांनी दगड उचलले तेव्हा तो नदीच्या बाजूला पळाला.

आस्ग्रिम घोडे घेऊन आला. खटला जिंकल्यापासून तो जरा ताठ चालत होता.

"काय ओरडतोय गं तो, वहिनी?"

"कोण जाणे," ग्रोआ घोड्यावर बसत म्हणाली. "राखेपासून मला नीट ऐकू येत नाही."